बोटांनी मोजलेलं पिव्होट

यंदा टँकर लवकर सुरू झाले. येडाई देवीची चैत्री यात्रा सरली, पालं निघाली, पाळणेवाले सामान बांधून गेले, आणि थोड्याच दिवसांत येरमाळ्याला हायवेच्या कडेला मला यंदाचा पहिला टँकर दिसला. ड्रायव्हर टपरीवर चहा पीत होता. मागच्या नळातनं पाणी ठिबकत होतं आणि त्या नळाला मधमाश्या लगडल्या होत्या. एक चिमणी खालच्या ओल्या डांबरावर चोच घासत होती. मी एसटीच्या खिडकीत बसले होते. टँकर दिसला की लोकांना पाणी आठवतं. मला बप्पा आठवतात, आणि बप्पांच्या मागोमाग ते मेलं पिव्होट.

मी तालुक्याच्या ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर आहे. उन्हाळा लागला की माझ्याकडं एकच काम: कुठल्या गावाला, कुठल्या वस्तीला टँकरच्या किती खेपा गेल्या, ते भरायचं. ड्रायव्हर येऊन सांगतात, मी एक्सेलमधे एकाखाली एक ओळी भरत जाते. ऊन चढत जातं तशा ओळी वाढत जातात, आणि मग त्या ढिगाऱ्यातनं वस्तीवार बेरीज काढायला पिव्होट टेबल लागतं. नाव ऐकून दबकायचं काही कारण नाही. खळ्यावर कालवलेली ज्वारी, तूर, करडई निवडून ज्याची त्याची रास वेगळी घालावी, तसा तो तक्ता. वस्तीचं नाव एकीकडं, तिच्या खेपांची बेरीज दुसरीकडं.

बप्पा म्हणजे आमच्या टंचाईच्या टेबलाचे मोठे क्लार्क. मोठा साहेब असो की दारातला शिपाई, सगळे त्यांना बप्पाच म्हणायचे. रोज परंड्याहून सकाळच्या गाडीनं यायचे. पांढरा सदरा, खिशाला पेन, दारातनंच खणखणीत ‘जय भीम’, आणि खुर्चीत टेकायच्या आत फोन सुरू. कुठल्या वस्तीवर आज गाडी गेली नाही, उद्या कुणाला आधी पाठवायची, हे बप्पा माझ्या तक्त्यावरनं बघून ठरवायचे. फोनवर बायका भांडायच्या, बप्पाही भांडायचे. त्यांचा आवाज चढला की बाजूच्या खोलीतले लोक हसायचे, “लागला बप्पांचा कुलर.” खरा कुलर कोपऱ्यात कोरडा पडलेला असायचा. टंचाईच्या ऑफिसात कुलरमधे घालायला पाणी नव्हतं, आता बोला!

बप्पांबरोबरच्या त्या शेवटच्या उन्हाळ्यातलं सगळं मला अजून नाकाला येतं. माठाभोवती गुंडाळलेलं ओलं गोणपाट, डब्यातली शेंगाची चटणी, कडक झालेली भाकरी, दुपारच्या झळीबरोबर खिडकीतनं आत येणारा कडुलिंबाचा मोहर. तो मोहर कीबोर्डात जाऊन बसायचा. बटणं चिकटायची. मी चिडून कीबोर्ड उलटा करून बडवायचे आणि बप्पा म्हणायचे, “आगं, जनावर हाय का त्ये? हळू.”

पिव्होटाच्या खोडींवरनं आमची दोघांची रोज बोलणी व्हायची. पहिली खोड म्हणजे ते आपणहून हलत नाही. खाली खेपा भरल्या, बदलल्या, तरी वरचा तक्ता ढिम्म. उजवं बटण दाबून ‘रिफ्रेश’ म्हणावं तेव्हा कुठं जागं होणार. बप्पा म्हणायचे, “ह्ये आमच्या थोरल्या जावयावानी हाय. बोलावणं गेल्याबिगर यायचं न्हाय.” दुसरी खोड, पहिल्या दिवशी दाखवलेल्या चौकटीच्या बाहेर ते बघतच नाही. खाली नव्या ओळी वाढल्या तरी त्याच्या लेखी त्या नाहीतच. त्याला उपाय सापडला: आधी सगळ्या ओळींचं कंट्रोल-टी दाबून टेबल करायचं, मग पिव्होट मांडायचं, म्हणजे ओळी वाढल्या की चौकट आपोआप वाढते. तिसरी खोड तर चीड आणणारी. खेपांच्या रकान्यात एखादा चौकोन रिकामा राहिला, किंवा कुणी घाईत आकड्याऐवजी अक्षरात ‘दोन’ लिहिलं, की नवा तक्ता मांडताना ते बेरीज करायचं सोडून नुसत्या ओळी मोजून देणार. सेटिंगमधे जाऊन त्याला ‘काउंट नको, सम कर’ असं दटावावं लागतं. एवढं शहाणं यंत्र, पण पोटात एक खडा गेला की गणितच विसरतं!

बप्पांच्या हातनं आणखी एक व्हायचं. आकड्यावर दोनदा टिचकी पडली की नवं पान उघडतं आणि त्या आकड्यामागच्या सगळ्या ओळी त्यावर उतरतात. कामाची सोय आहे ती. पण बप्पांची टिचकी नको तिथं पडायची, आणि संध्याकाळपर्यंत फायलीत अशा पानांची चळत लागायची. घरी जाताना मी ती एकेक करून काढून टाकायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, म्हातारपण, दुसरं काय. हात थरथरत असेल. हाताचा काही संबंध नव्हता, हे मला पुढं कळलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी विसरलेला डबा न्यायला परत आत आले. बप्पा एकटेच माझ्या कॉम्प्युटरपाशी बसले होते. मान एका अंगाला वळवलेली, कोंबडी दाणा बघते तशी. डाव्या हाताची बोटं स्क्रीनच्या कडेला टेकवलेली. बोटं सरकवत ते पुटपुटत होते, “ही वस्ती. हितनं चार बोटं... खेपा.” मग वरनं खाली ओळी मोजायला लागले. एक, दोन, तीन.

“बप्पा, काय करताय?”

ते दचकले. मग म्हणाले, “दार लोट.”

मी दार लोटलं. बप्पा माझ्याकडं तोंड करून म्हणाले, “डोळ्यात मदोमद डाग पडलाय पोरी. कडंकडंनं दिसतंय. आता तुझ्याकडं बगतोय, तर तुझं तोंड दिसत न्हाय. कान तेवढे दिसत्यात.”

आगं माय! बप्पांना साखर होती, ते चहा बिनसाखरेचा घ्यायचे, एवढंच आम्हाला माहीत. कुर्डुवाडीच्या डॉक्टरनं सोलापूरला धाडलं होतं, आणि सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल.

“मग रजा घ्या की,” मी म्हणाले. मला रागच आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. “मे अखेरीला रिटायर होणार तुम्ही. तेवढ्यासाठी कशाला जिवाला त्रास?”

आमच्याकडं जुन्या पिढीतले निम्मे लोक मे अखेरीला रिटायर होतात. शाळेत घालताना कुणाला जन्मतारीख ठाऊक नसायची, मास्तर सरसकट एक जून लिहायचे. बप्पा त्यावर नेहमी हसायचे, “आईनं कदी जन्माला घातलं कुणाला ठावं. मास्तरानं मातुर एक जूनला घातलं.” त्या दुपारी हसले नाहीत.

“माझा बाप ह्याच कचेरीच्या दारात उभा ऱ्हायाचा,” ते म्हणाले. “आत यायाची टाप न्हवती त्याची. साहेब भाईर आला तर अर्ज द्यायाचा, न्हाय आला तर तसाच माघारी. म्या ह्या दारातनं आत चालत आलो पोरी. भाईर बी चालतच जाणार. आंधळा झाला म्हून कुणी बखोटीला धरून काढायाचं न्हाय मला. तेवढी तारीख गाठू दे.”

एवढंच हवं होतं त्यांना. पगार, पेन्शन, काही नाही. शेवटच्या दिवशी आपल्या पायानं त्या दारातनं बाहेर पडायचं. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासनं मी तो तक्ता बप्पांच्या बोटांसाठी बांधायला घेतला. आधी गाव आणि वस्ती एकाच रकान्यात एकाखाली एक कोंबलेल्या असायच्या, थोडं पुढं-मागं सरकवून. धड दिसणाऱ्याचीही तारांबळ उडावी अशी ती रचना. लेआउटमधे जाऊन मी ‘टॅब्युलर’ केलं, म्हणजे गाव वेगळ्या रकान्यात, वस्ती वेगळ्या. गावाचं नाव फक्त पहिल्या ओळीत येऊन खाली जागा मोकळी राहायची, म्हणून प्रत्येक ओळीवर नाव परत यायची सोय केली. अक्षरं मोठी केली, मधल्या बेरजा काढून टाकल्या. बप्पांनी बोटं लावून बघितलं आणि मान हलवली. मग मी रिफ्रेश केलं, आणि सगळे रकाने आखडले!

ही पिव्होटाची सगळ्यात वाईट खोड. आपण रकाना हवा तेवढा रुंद करावा, आणि रिफ्रेश केलं की त्यानं आपल्या मर्जीनं तो परत आवळून घ्यावा. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला नुसता वैताग येतो. बप्पांच्या चार बोटांची तीन झाली, त्यांचं बोट खेपांवरनं घसरून शेजारच्या लोकसंख्येच्या रकान्यावर गेलं, आणि ते फोनवर कुणाला तरी भलताच आकडा सांगायला लागले. मी झडप घालून फोन घेतला. त्या दिवशी जेवले नाही, सगळी सेटिंगं धुंडाळली. पिव्होटाच्या ऑप्शनमधे एक बारीकशी खूण असते, दर वेळी रकाने आपोआप बसते कर अशा अर्थाची. ती काढली. रिफ्रेश केलं. रकाने जागच्या जागी.

बप्पांनी बोटं टेकवली. “चार,” म्हणाले. मला परत रिफ्रेश करायला लावलं. “चारच.” असं त्यांनी कितीदा करायला लावलं! मग खुर्चीत मागं टेकले आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मी खिडकीकडं बघत बसले, कारण माझेही डोळे भरले होते.

त्यानंतरचे काही दिवस फार चांगले गेले. वस्त्या नावाच्या क्रमानं लावलेल्या होत्या आणि बप्पांना सगळ्या ओळी पाठ झाल्या होत्या. फोन आला की वरनं मोजत यायचं, चार बोटं उजवीकडं जायचं, आणि तिथला मोठा आकडा डोळ्याच्या कडेनं पकडायचा. कुणाला शंका आली नाही. मे महिन्यातलं एकेक पान उलटत होतं आणि मला वाटायला लागलं, गाठतात बप्पा तारीख.

आणि मग पांढरवस्तीच्या सुंदराबाईचा फोन आला. “बप्पा, आवं गाडी आलीच न्हाय.”

बप्पांनी ओळी मोजल्या, बोटं सरकवली. “आली न्हाय कशी? चार खेपा पडल्यात तुमच्या वस्तीवर.”

“हिरीत चिखल बी ऱ्हायला न्हाय, आन् चार खेपा?”

“मग काय म्या खोटं बोलतोय व्हय? चार खेपांचं पाणी कुटं मुरवलं, त्ये बगा आदी!” बप्पांनी फोन आपटला. त्यांचा स्वभाव तसाच होता, बाईचं खोटं निघालं असं त्यांना मनापासनं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन नुसतं भाजत असताना, पांढरवस्तीच्या बाया चालत ऑफिसात आल्या. घागरी आणल्या होत्या. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर एकेक घागर उपडी ठेवत गेल्या. रिकाम्या घागरीचा तो आवाज! सगळं ऑफिस बाहेर आलं. साहेब तरुण होते, मनानं चांगले होते, पण बायांची तोंडं बघून तेही तापले. “बप्पा, तुम्ही तर चार खेपा झाल्या म्हणालात. म्हणजे ड्रायव्हरनं खोट्या खेपा सांगितल्या. आजच्या आज काढून टाका त्याला.”

ड्रायव्हर गफूरभाई तिथंच जिन्यापाशी उभे होते. “साहेब, आवं गाडीचा पाटा तुटलाय. गाडी गॅरेजात हुबी हाय. म्या ह्या आठवड्यात पांढरवस्तीची एक बी खेप सांगितली न्हाय,” ते म्हणत होते, पण बप्पांच्या शब्दापुढं त्यांचं कोण ऐकणार?

मी आत पळाले, तक्ता बघितला. तक्त्यात फक्त चालू आठवडा निवडलेला होता. त्या आठवड्यात पांढरवस्तीची एकही खेप नव्हती, म्हणून पिव्होटानं तिची ओळच गाळून टाकली होती. शून्य लिहिलं नव्हतं, मोकळी जागा ठेवली नव्हती. खालची पिंपळवस्ती गुपचूप तिच्या जागी वर सरकली होती. बप्पांनी ओळी बरोबर मोजल्या होत्या. त्या जागेवरचा आकडा पिंपळवस्तीचा होता.

मी बाहेर आले. “साहेब, पिव्होटाची चूक आहे, त्यात ना...” मी सुरुवात केली. सगळं यंत्रावर ढकलता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण बप्पांनी हात वर केला.

“पोरी, गप.” मग साहेबांच्या आवाजाच्या दिशेला तोंड करून ते म्हणाले, “गफूरला काय बोलू नगा साहेब. त्यानं खेपा सांगितल्याच न्हायत. म्या दुसऱ्याच वस्तीची ओळ वाचली. मला दिसत न्हाय.”

साहेबांना वाटलं, चष्म्याचं काही असेल. बप्पांनी परत सांगितलं, मोठ्यानं, फोनवर बोलायचे त्याच आवाजात. “डोळं गेलंत माजं. लई दिवस झालं. ह्या बायांना म्या खोट्यात काढलं.”

सुंदराबाई पुढं आली. तोंड उन्हानं काळंठिक्कर पडलेलं. “आवं बप्पा, मंग आदी सांगायचं न्हाय व्हय? सबंद रस्ताभर शिव्या घालत आले की म्या तुमाला.” आणि ती बाई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. साहेबांनी दुसऱ्या गावची गाडी वळवून तासाभरात पांढरवस्तीला पाठवली. बप्पा व्हरांड्यात कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्याजवळ जाऊन बसायचा मला धीर झाला नाही.

साहेबांनी रजा घ्यायला सांगितलं. बप्पांनी घेतली नाही. उरलेले दिवस ते येत राहिले, मी ओळी वाचायचे आणि ते फोनवर बोलायचे. काम तसंच चाललं, उलट अधिक बरं चाललं. पण आता लोक त्यांना उठायला हात द्यायचे, पुढ्यातली खुर्ची सरकवायचे, बोलताना आवाज उगाच मऊ करायचे. ‘बप्पांचा कुलर’ असं म्हणून कुणी हसेनासं झालं. बप्पाही भांडेनासे झाले. मला ते फार लागलं.

गाळलेली ओळ दिसायची सोय मला घागरी आल्या त्याच संध्याकाळी सापडली होती. वस्तीच्या रकान्याच्या सेटिंगमधे एक खूण असते: ज्यांची नोंद नाही त्यांनाही दाखव. आणि ऑप्शनमधे दुसरी, रिकाम्या जागी शून्य लिही. दोन टिचक्यांचं काम. आता उन्हाळा लागला की नवा तक्ता मांडताना मी सगळ्यात आधी त्या दोन खुणा करते. शून्य दिसलं तर कुणीतरी फोन उचलतं, विचारतं, गाडी पाठवतं. ओळच दिसली नाही तर कुणाला काय कळणार? ज्याला थोडं कमी मिळालं त्याचं नाव तक्त्यात खाली का होईना, असतं. ज्याला काहीच मिळालं नाही त्याला यंत्र यादीतनंच उठवतं. कुणी बनवलं असेल हे असं, आणि त्याच्या घरी नळाला पाणी किती वेळ येत असेल, असं माझ्या मनात येतं, आणि मी एकटीच त्या स्क्रीनला शिव्या देते.

बप्पा आता परंड्यात घरीच असतात. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मी फोन करते तेव्हा माझ्या लेकीची चौकशी करतात, पाऊसपाण्याचं विचारतात. टँकरचं विचारत नाहीत. मीही आपणहून काढत नाही. यंदा तक्ता मांडला तेव्हा पांढरवस्तीपुढं पहिल्या आठवड्यात शून्य आलं. बप्पांना सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. साहेबांना सांगून गाडी पाठवली.

त्यांच्या निरोपाचा दिवस आठवला की मात्र मला कुठंही असले तरी रडू येतं. साहेबांनी हौसेनं सगळं केलं होतं. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं. जीप झेंडूच्या माळांनी सजवली होती, कारण रिटायर माणसाला वाजतगाजत घरी पोचवायची आमच्या ऑफिसची रीत. बप्पांच्या बायको, काकू, आल्या होत्या, पहिल्यांदाच ऑफिसात. बायांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या होत्या. बप्पा आभाराचे दोनच शब्द बोलले आणि दाराकडं निघाले. पायऱ्या आल्या तसे शिपायांनी दोन्हीकडनं त्यांचे दंड धरले, साहेबही पुढं झाले.

“सोडा,” बप्पा म्हणाले.

सगळ्यांनी हात काढले. बप्पा वरच्या पायरीच्या कडेला उभे राहिले. शाल खांद्यावरनं घसरली होती. पुढचं पाऊल कुठं टाकायचं ते त्यांना दिसत नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. आम्ही सगळे बघत होतो.

काकू खुर्चीवरनं उठल्या. जुन्या वळणाची बाई ती. बाजारात, लग्नात, एसटी स्टँडवर, नवऱ्याच्या मागं चार पावलं ठेवून चालायची, पुढं कधी गेली नाही. ती गर्दीतनं वाट काढत आली, बप्पांना वळसा घालून त्यांच्या पुढं, एक पायरी खाली जाऊन उभी राहिली. त्यांचा हात तिनं धरला नाही. आपल्या पदराचं टोक मागं काढून त्यांच्या मुठीत दिलं.

“चला,” ती म्हणाली. “म्या हाय म्होरं.”

बप्पांनी पदर मुठीत आवळला, मान ताठ केली आणि पायऱ्या उतरले. ड्रायव्हरनं जीपचं दार उघडून धरलं होतं. बप्पा दाराशी थांबले नाहीत. काकूंच्या मागं चालत ते फाटकाबाहेर पडले आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. आम्ही फाटकापाशी उभे होतो. माळा घातलेली ती जीप त्यांच्या मागनं रिकामीच, हळूहळू चालली होती.